पळायचं ठरलं, बसायचं कधी?

प्रति,
महाराष्ट्रातील सॉफ्टवेअर कंपन्यांचे प्रकल्प व्यवस्थापक आणि मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,



नव्या आर्थिक वर्षाच्या तोंडावर माझ्या कंपनीतून एकाच दुपारी दोन ईमेल आले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण असे ईमेल थोड्याफार फरकाने तुम्ही सगळेच पाठवता. पहिला प्रकल्प विभागाचा होता. यापुढे काम करण्याचं फ्रेमवर्क बदलायचं आहे, सोबत तुलनेचा तक्ता जोडला आहे, आपलं मत शुक्रवारपर्यंत कळवा. स्क्रम, कानबान, एक्सपी (एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग), शेप अप ही चार नावं एका बाजूला, वेग, लवचीकता, खर्च, शिकायला लागणारा वेळ हे रकाने वरती, आणि प्रत्येक चौकोनात हिरवी नाहीतर लाल खूण. दुसरा ईमेल मनुष्यबळ विभागाचा. बैठ्या कामाने सगळ्यांच्या तब्येती बिघडताहेत, तेव्हा प्रत्येकाने या वर्षी एक खेळ निवडावा. त्यालाही तक्ता होता. बॅडमिंटन, धावणं, सायकल, पोहणं, बॉक्स क्रिकेट. रकाने जवळपास तेच, फक्त खर्चाच्या शेजारी कॅलरी वाढल्या होत्या.

दोन्ही तक्त्यांत विश्रांतीचा रकाना नव्हता. हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

आधी माझी ओळख. मी मालवण तालुक्यातल्या धामापूरची. टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन गावी आले, पुढे परत बोलावण्याचा कुणी फारसा आग्रह धरला नाही, म्हणून इथेच राहिले. कुडाळहून नेरूरपारचा पूल ओलांडून काळसेमार्गे मालवणला निघालात की आमचं गाव लागतं, आणि गावात तळं. 1530 साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या साथीने बांधलेलं, काठावर भगवतीचं देऊळ. 2020 मध्ये सिंचनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पाच शतकं चालू असलेली ही रचना उभारताना नागेश देसायांनी कुठलं फ्रेमवर्क वापरलं, असं आयोगाने विचारलेलं दिसत नाही. मालवण शहराला पिण्याचं पाणी याच तळ्यातून जातं, त्यामुळे 'मग रोज तळ्यात पोहत असशील ना?' या पुण्याच्या मैत्रिणींच्या प्रश्नाला माझं उत्तर कायम 'नाही' असतं. मी पोहते ती मालवणात, चिवल्याच्या किनाऱ्यावर, समुद्रात. शिकले चाळिशीत. तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या होत्या, "गो बाय, ह्या वयात ह्यो नसतो खटाटोप कित्याक?" तुमचा तक्ता त्यांना दाखवला असता तर त्यांनी तोच प्रश्न तुम्हालाही विचारला असता.

आता मुद्द्याकडे येते. इथे फ्रेमवर्क म्हणजे रिअॅक्ट की अँग्युलर हा वाद नव्हे. तो आम्ही चहा पिताना घालतो आणि त्यात तुम्ही पडू नये. इथे प्रश्न काम कसं वाटायचं, केव्हा संपवायचं, कुणी कुणाला काय सांगायचं याच्या चौकटीचा आहे. आणि या चौकटींपैकी जी सगळ्यात जास्त खपते ती, म्हणजे स्क्रम, खेळावरून उचललेली आहे. 1986 च्या सुरुवातीला 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांचा लेख आला. होंडाची मोटार, कॅननचा कॅमेरा, फुजी-झेरॉक्सचं कॉपी काढायचं यंत्र अशी उत्पादनं कशी जन्माला आली, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की जुन्या पद्धतीत काम रिले शर्यतीसारखं एका विभागाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि या कंपन्यांत मात्र सगळा संघ रग्बीसारखा चेंडू आपसांत देत एकदम पुढे सरकतो. जेफ सदरलंड यांनी 1993 मध्ये इझेल कॉर्पोरेशनमध्ये हा विचार सॉफ्टवेअरला लावून पाहिला, आणि 1995 मध्ये केन श्वेबर यांच्यासोबत तो जाहीरपणे मांडला. इथवरची गोष्ट तुमच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात पहिल्या तासाला सांगतात.

त्याच लेखाच्या शेवटाकडे मर्यादांचा भाग आहे, तो सांगत नाहीत. या पद्धतीत माणसांना अखेरपर्यंत असाधारण कष्ट उपसावे लागतात, असं लेखकांनी स्वतःच नोंदवलं आहे. काम ऐन भरात असताना महिन्याला 100 तास जादा, आणि एरवी 60 तास! म्हणजे रग्बीची उपमा घेतली तेव्हाच तिच्यातून मध्यंतर गळून पडलेलं होतं. खरा रग्बीचा सामना 80 मिनिटांत संपतो, मध्ये संघ बाजूला होतो, आणि सामना झाल्यावर पुढचे काही दिवस कुणी त्या खेळाडूंना पुन्हा सामन्यात उतरवत नाही. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत मात्र स्पष्ट वाक्य आहे की एक स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरावीक टप्पा, संपला की पुढचा लगेच सुरू होतो. दोन आठवड्यांचा स्प्रिंट धरला तर वर्षाला 26, एकाला एक चिकटलेले. जगातला कुठलाही धावपटू असं धावत नाही. धावला तर पुढच्या वर्षी तो दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, ही नावं आहेत, इतकं मनावर घ्यायचं नसतं. ठीक, नावं सोडा. चारही चौकटींना एकच प्रश्न विचारून बघू: माणसाला दम कधी घेऊ देता?

एक्सपीने याचं उत्तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात रोखठोक दिलं. केंट बेक यांनी क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पात 1996 पासून ही पद्धत घडवली आणि 1999 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातल्या मूळ बारा सवयींपैकी एक सवय चक्क आठवड्याला 40 तास ही होती. एखाद्या आठवड्यात जादा थांबावं लागलं तर चालेल, लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात नाही. दुसऱ्याही आठवड्यात थांबावं लागलं तर बिघाड प्रकल्पात आहे आणि तो जादा तासांनी सुटणार नाही. (ज्या प्रकल्पात ही पद्धत जन्मली तो क्रायस्लरने 2000 साली गुंडाळला, हेही सांगायला हवं. यशोगाथांच्या स्लाइडवर ते नसतं.) आज तुमच्यापैकी कितीतरी जण एक्सपीतल्या चाचण्या आणि जोडीने कोड लिहिणं उचलतात, पण ती 40 तासांची ओळ तेवढी मागे राहते.

कानबान टोयोटाच्या कारखान्यातून आलं, ताइची ओनो यांच्याकडून. सॉफ्टवेअरमध्ये ते डेव्हिड अँडरसन यांनी रुजवलं. त्यात स्प्रिंट नाही, हातात एका वेळी किती कामं घ्यायची याची मर्यादा आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेलं एक साधं समीकरण त्याच्या मुळाशी आहे: हातातली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. हातात 12 आणि आठवड्याला 3 संपतात, तर प्रत्येकाला चार आठवडे. हातात 6 च ठेवली तर दोन. कुणीही जास्त धावलेलं नसतं. कानबान विश्रांतीचा शब्दही काढत नाही, पण मर्यादा पाळली तर ती आपोआप मिळते. मर्यादा पाळणारा व्यवस्थापक मला अजून भेटायचा आहे.

शेप अप हे या चौघांत सगळ्यात धाकटं, 2019 चं, बेसकॅम्प कंपनीच्या रायन सिंगर यांनी मांडलेलं. सहा आठवडे काम आणि त्यानंतर दोन आठवडे मोकळे. त्या दोन आठवड्यांत कुणी काही नेमून देत नाही. मागे राहिलेले दोष काढा, नवं काही करून बघा, नाहीतर नुसते विचार करा. याच कंपनीचे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रूबी ऑन रेल्स हे दुसऱ्या अर्थाचं फ्रेमवर्क बनवलं. आणि गंमत म्हणजे कोड लिहिणारा हा माणूस मोठेपणी मोटार शर्यतीत उतरला आणि 2014 मध्ये ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत आपल्या गटात जिंकला. त्या शर्यतीचा नियम असा आहे की एका गाडीला किमान तीन चालक हवेत, कुठल्याही सहा तासांत कुणालाही चार तासांहून जास्त चालवता येत नाही आणि एकूण 24 पैकी 14 तासांच्या वर नाही. जास्त चालवलं तर संघाला शिक्षा होते. शर्यतीमुळे शेप अप असं घडलं असा दावा मी करत नाही. एवढंच म्हणते की ताशी 300 किलोमीटरच्या वर जाणाऱ्या खेळातसुद्धा चालकाला खाली उतरवायची जबाबदारी चालकाच्या इच्छेवर सोडलेली नाही. 'दमलास तर सांग' या तुमच्या वाक्यात आणि या नियमात फरक आहे. अप्रेझल जवळ आलेलं असताना 'मी दमलो' असं कोण सांगेल?

आता माझ्या पोहण्याकडे येते, कारण इथे मला खरा धक्का बसला. स्पर्धेची तयारी करणाऱ्या पोहणाऱ्यांना विचारा की शेवटच्या दोन आठवड्यांत तुम्ही काय करता. सगळे एकच सांगतील: सराव कमी करतो. पाण्यात उतरणं थांबवत नाही, वेगाने मारायचे पल्ले तेवढ्याच वेगाने मारतो, पण एकूण अंतर जवळजवळ निम्म्यावर आणतो. ही ऐकीव गोष्ट नाही. लॉरां बोस्केट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सगळ्यात चांगला परिणाम दिसला तो दोन आठवडे आधीपासून सरावाचं प्रमाण 41 ते 60 टक्क्यांनी घटवल्यावर, तीव्रता तशीच ठेवून. कारण शरीर कष्ट करताना बळकट होत नाही, कष्टानंतर सावरताना होतं. थकवा उतरायला वेळ दिला की आधीच्या महिन्यांची मेहनत दिसायला लागते.

आणि आपण काय करतो? रिलीज दोन आठवड्यांवर आलं की शनिवार जातो, मग रविवार जातो, मग रात्री साडेअकराचा कॉल येतो, आणि कुणीतरी पिझ्झा मागवतं. नेमकी सगळ्यात नाजूक वेळ, जेव्हा एका चुकीच्या ओळीने ग्राहकाचा पैसा अडकू शकतो, तेव्हा आपण माणसांना वर्षातला सगळ्यात थकलेला मेंदू घेऊन बसवतो. पोहण्याच्या प्रशिक्षकाने असं केलं तर त्याला पालक काढून टाकतील. तुम्ही केलं की त्याला समर्पण म्हणतात आणि तिमाही बैठकीत टाळ्या वाजतात. 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हटलं, त्यावर किती वाद झाला. माझा त्यांच्याशी वाद तासांचा नाहीच. 70 तास घ्या हवं तर, पण कुठल्या आठवड्यात घेणार आणि त्यानंतरच्या आठवड्यात किती घेणार ते आधी लिहून द्या. खेळाडूच्या वहीत ते लिहिलेलं असतं.

हे परदेशी दाखले झाले, म्हणून घरचा एक देते. खो-खोचे नियम पहिल्यांदा कागदावर आले ते पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या वेळी तुमच्यापैकी अनेकांनी लिंक्डइनवर अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या, मी पाहिल्यात. आता तो खेळ जरा व्यवस्थापकाच्या डोळ्यांनी बघा. आक्रमण करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानात, त्यांतले आठ बसलेले, एकच पळतोय. कुठल्याही क्षणी संघाचा 11 टक्के भाग कामाला आणि 89 टक्के बसून! तुमच्या डॅशबोर्डवर हा आकडा आला तर दुपारच्या आत बैठक लागेल.

पण बसलेल्यांमुळेच तो खेळ आहे. पळणाऱ्याला मागे वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. त्याला दिशा बदलायची असेल तर बसलेल्याला खो द्यावा लागतो. बसलेला गडी हात जमिनीवर टेकून, एका पायावर भार घेऊन, समोरच्या संरक्षकाचे खांदे वाचत असतो. पाठीवर थाप पडली की पहिल्या पावलातच तो पूर्ण वेगात असतो, कारण तो ताजा असतो. आठही जणांना 'नुसतं का बसायचं' म्हणून पळायला लावलं तर संरक्षकाला आनंदच होईल. संरक्षण करणारेही तीन-तीनच्या तुकडीने उतरतात, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत बाहेर. आणि डाव संपला की मध्ये विश्रांतीची मिनिटं नियमात लिहिलेली असतात, पंच घड्याळ लावून मोजतात.

यातला 11 टक्क्यांचा विनोद बाजूला ठेवला तरी हिशेब उरतोच. कामं कधी पडतील याचा नेम नसेल आणि एकच माणूस ती करणारा असेल, तर तो 80 टक्के गुंतलेला असताना नव्या कामाला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ रांगेत थांबावं लागतं. 90 टक्के गुंतला की 9 पट, 95 टक्क्यांना 19 पट. रांगेच्या गणितातली ही जुनी गोष्ट आहे, ज्याने अभियांत्रिकीत ती शिकली त्याने व्यवस्थापक झाल्यावर ती विसरू नये. तरी आपल्या मोठ्या कंपन्या दर तिमाहीला किती टक्के माणसं बिल होणाऱ्या कामात आहेत हा आकडा अभिमानाने जाहीर करतात, आणि तो चढला की बातमी होते. टीसीएसने जून 2025 पासून असा नियम आणला की वर्षात किमान 225 दिवस बिल होणारं काम हवं आणि बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, 35 दिवसांहून जास्त नको. शेअरधारकांच्या बाजूने त्याचं कारण मला कळतं. पण मग आपल्या माणसांना खेळ घ्यायला सांगताना हेही सांगा की तुमच्या संघात राखीव गडी हा गुन्हेगार असतो.

तुलनेच्या तक्त्याबद्दलची माझी दुसरी तक्रार अशी की त्यातल्या चार गोष्टी एका जातीच्याच नाहीत. स्क्रम हे सामन्यांचं वेळापत्रक आहे. कधी जमायचं, कुणी काय बोलायचं, किती दिवसांनी हिशेब द्यायचा. कोड कसा लिहायचा याबद्दल त्यात चकार शब्द नाही. एक्सपी हा सराव आहे: आधी चाचणी लिहा, दोघांनी मिळून लिहा, रोज जोडा, लहान पावलं टाका. मार्टिन फाउलर यांनी 2009 मध्येच लिहून ठेवलं की अनेक संघ स्क्रमचं वेळापत्रक घेतात, सराव घेत नाहीत, आणि काही महिन्यांत कोडचा असा चिखल होतो की पाय उचलत नाही. चिवल्यावर मी हे रोज पाहते. घड्याळ, चष्मा, टोपी, आठवड्याचा तक्ता सगळं घेऊन माणसं येतात आणि श्वास सोडायला पाण्याबाहेर तोंड काढतात. श्वास पाण्यात सोडायचा असतो, बाहेर फक्त घ्यायचा. हे कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नसतं, शेजारी पोहणारं कुणीतरी सांगावं लागतं.

आणि व्हेलॉसिटी! कामाच्या आकाराचा अंदाज सांगणाऱ्या स्टोरी पॉइंटांची बेरीज करून तुम्ही संघाचा वेग काढता, मग दोन संघांचे वेग शेजारी ठेवता. पोहणाऱ्याचा वेग म्हणजे हातांची गती गुणिले प्रत्येक हाताने कापलेलं अंतर. नवशिक्याला वेग वाढवायला सांगा, तो हात भराभर मारतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट, त्यात घाई केली की हात घसरतो, प्रत्येक हाताने कापलेलं अंतर घटतं, दम लागतो, आणि किनारा तिथेच राहतो. पॉइंट वाढवायला सांगितलेला संघ हेच करतो: कालचं तीन पॉइंटांचं काम आज पाचाचं होतं आणि आलेख वर जातो. एक्सपीचे एक जनक रॉन जेफरीज, ज्यांच्याकडे स्टोरी पॉइंटांचं जनकत्व जातं, त्यांनी 2019 मध्ये त्याबद्दल चक्क दिलगिरी व्यक्त केली आहे. तरी ते पॉइंट गेले नाहीत.

एवढं वाचून 'मग बाई, तुमचं मत काय?' असं कुणी विचारील. ईमेलला उत्तर दिलंच आहे, इथेही देते. संघ नवा असेल, माणसं एकमेकांना ओळखत नसतील, तर वर्षभर स्क्रम घ्या, त्याने निदान भेटायची सवय लागते. ग्राहकाच्या तक्रारी सोडवणाऱ्या संघाला स्प्रिंट लावू नका, त्यांना कानबान आणि खरीखुरी मर्यादा द्या. नवं उत्पादन करत असाल तर शेप अप, पण ते दोन मोकळे आठवडे क्लायंटच्या करारात लिहून घेणार असाल तरच. आणि कुठलंही घ्या, एक्सपीचा सराव त्याच्या पोटात हवाच. एकदा घेतलंत की पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत तरी बदलू नका. एखादी पद्धत आपल्याला मानवते का हे तिसऱ्या महिन्यात कळत नाही, तिसऱ्या महिन्यात फक्त दुखतं.

आता मनुष्यबळ विभागाशी दोन शब्द. गेल्या वर्षी तुमच्यातल्याच एकांनी आम्हाला पावलांच्या स्पर्धेत उतरवलं होतं. रोजची 10,000 पावलं, सगळ्यांना दिसणारी क्रमवारी, महिनाअखेर बक्षीस. पहिल्या दहांत आलेल्या एका सहकाऱ्याने मनगटावरचा पट्टा बाळाच्या पाळण्याला बांधून ठेवला होता, हे कंपनीत तुम्ही सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तो 10,000 चा आकडा कुठल्या वैद्यकातून आलेला नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर व्यायामाची हवा होती, 1965 मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, आणि त्याच्यासोबत हा गोल आकडा चिकटला. 2019 मध्ये आय-मिन ली यांच्या संशोधनात वयस्क अमेरिकन बायकांच्या बाबतीत असं दिसलं की फायदा 7,500 पावलांच्या आसपासच स्थिरावतो. तुम्ही खेळाचाही स्टोरी पॉइंट केलात आणि आमच्यातल्या हुशार लोकांनी तो लगेच वाढवून दाखवला.

आपल्याकडे ऑफिसं आणि खेळ यांचं नातं जुनं आहे आणि ते उलट्या दिशेचं होतं. मुंबईत टाइम्स शील्डला कंपन्यांचे क्रिकेट संघ उतरायचे. गावसकर निरलॉनकडून खेळायचे, अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. कबड्डीत आजही स्पर्धांच्या पत्रकावर व्यावसायिक गट असा वेगळा विभाग असतो आणि त्यात बँका, रेल्वे, पोलीस, मोटारी बनवणाऱ्या कंपन्या उतरतात. कोकणातल्या कितीतरी मुलांना पहिली पक्की नोकरी चढाई-पकडीने मिळवून दिली. त्या व्यवस्थेत खेळाडूला सरावासाठी कामातून मोकळं करत. मालकाला ट्रॉफी हवी असे, हे खरं, पण खेळाला वेळ लागतो एवढं त्याला मान्य होतं. तुमच्या ईमेलमध्ये मात्र खेळ कामाच्या तासांबाहेर, स्वतःच्या खर्चाने, आणि त्याची नोंद कंपनीच्या ॲपमध्ये.

तेव्हा तक्ता मागे घ्या. खेळ कुठला ते ज्याचं त्याला ठरवू द्या. ज्याला फक्त संध्याकाळी मुलीबरोबर कॅरम खेळायचा आहे त्यालाही सोडा. तुम्ही फक्त वेळ द्या: आठवड्यातल्या दोन सकाळी दहाच्या आधी कॉल नाही, बस्स. क्रमवारी नको. शिकवणाऱ्याची फी भरायची असेल तर ती भरा, चाळिशीतल्या माणसाला बूट आणि बॅटपेक्षा शिक्षकाची गरज जास्त असते. आणि पावसाळ्यात मी पोहत नाही म्हणून मला आठवणीचे ईमेल पाठवू नका. जूनपासून आमचा समुद्र कुणाला आत घेत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही कायद्याने बंदी असते, होड्या वर ओढून ठेवतात आणि त्या दिवसांत जाळी विणली जातात. मीही त्या महिन्यांत खांद्याचे व्यायाम करते आणि पुस्तकं वाचते.

शेवटची विनंती अगदी व्यवहाराची. डिसेंबरच्या सुमारास चिवल्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरते. 500 मीटरपासून 10 किलोमीटरपर्यंतचे गट असतात, राज्यभरातून माणसं येतात, पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत बसणारीही. तुमच्याकडचे काही जण येणार असतील तर त्या महिन्यात रिलीज ठेवू नका, आणि आधीच्या दोन आठवड्यांत त्यांचं काम निम्मं करा, शून्य नको. हॉटेल मालवणात घ्या, सकाळी लवकर हजर राहावं लागतं. कंपनीचा शिक्का मारलेले टी-शर्ट पाठवू नका, पाण्यात ते जड होतात. पाठवायच्याच असतील तर टोप्या पाठवा, नारिंगी किंवा भडक पिवळ्या. निळ्या चालणार नाहीत, मग तुमच्या लोगोचा रंग निळा का असेना. सुरक्षा नौकेवरच्या माणसाला त्या लाटांत दिसत नाहीत.

आपली,
एक सॉफ्टवेअर अभियंता
धामापूर, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग